रोहित्र इतके जवळ कसे आले

पनवेलजवळच्या कामोठ्यातल्या एखाद्या सोसायटीने डीपी, म्हणजे दारातले रोहित्र, रात्रभर घुमतो अशी तक्रार केली की उत्तर बहुधा ठरलेले असते: आतले बोल्ट सैल झाले असतील, आवळून घ्या. या उत्तरात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. पण विजेच्या रोहित्राचा इतिहास शांतपणे वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. हा आवाज पुरता बंद करणे आजवर कोणालाही साधलेले नाही. त्याला माणसांपासून लांब ठेवण्यात आले, आणि लांब ठेवलेले यंत्र ऐकू येत नाही म्हणून प्रश्न सुटला असे सगळ्यांनी धरून चालले. कामोठ्यासारख्या वसाहतीत ते अंतर संपले. इथली तक्रार यंत्राच्या बिघाडापेक्षा जागेच्या आखणीतून जास्त आलेली आहे, आणि दुरुस्तीचा क्रमही त्याच हिशोबाने लावला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. लोखंडाला चुंबकत्व दिले की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूलने १८४२ मध्ये दाखवले. तेव्हा रोहित्र अस्तित्वातही नव्हते. कामाचे म्हणावे असे रोहित्र बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात १८८५ साली तयार झाले. आतल्या लोखंडी गाभ्याची, म्हणजे कोअरची, पट्टी चुंबकत्वाने जेवढी ताणली जाते तो बदल मीटरमागे एक-दोन मायक्रॉनच्या घरातला, म्हणजे केसाच्या जाडीचा बारीकसा अंश. पण कोअर म्हणजे पाव मिलिमीटर जाडीच्या शेकडो पत्र्यांची थप्पी, आणि ती सगळी थप्पी एकाच तालात लांबते, आखडते. चुंबकत्वाची दिशा उलटली तरी पत्रा लांबतोच, त्यामुळे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात तो दोनदा लांबतो आणि आवाज निघतो १०० हर्ट्झचा. त्यावर २००, ३००, ४०० हर्ट्झचे थर चढतात. हे कंपन तेलातून टाकीच्या पत्र्याला आणि पायातून खालच्या चौथऱ्याला पोहोचते. म्हणजे निर्दोष, नवे कोरे, सगळे बोल्ट नीट आवळलेले रोहित्रही घुमणारच. वीज चालू आहे याचीच ती खूण.

आपल्याकडे मोठ्या दाबाच्या रोहित्रांचा इतिहास सुरू होतो तो कामोठ्यापासून फार लांब नसलेल्या खोपोलीत. टाटांचे जलविद्युत केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले. तेव्हा खोपोली कुलाबा जिल्ह्यात होती, आणि पनवेलही. तिथे निर्माण झालेली वीज एक लाख व्होल्टपर्यंत चढवून सुमारे ७० किलोमीटरवर मुंबईत नेली जाई आणि परळला उतरवून कापड गिरण्यांना दिली जाई. या साखळीच्या दोन्ही टोकांना प्रचंड रोहित्रे होती. एका टोकाला सह्याद्रीचा पायथा, पाण्याचे नळ आणि टर्बाइन. दुसऱ्या टोकाला गिरणगाव. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, तिथे रोहित्राची काय कथा! पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले, तेही डोंगराच्या कुशीत. वीज वापरणारा आणि वीज उतरवणारे यंत्र यांच्यात एक तर मैलांचे अंतर असे, नाहीतर त्याहून मोठा गोंगाट. आवाजाचा विचार करण्याची गरजच कोणाला पडली नाही, आणि जी गरज पडत नाही तिच्यासाठी नियमही होत नाहीत.

मधल्या काळात पोलाद सुधारत गेले. रॉबर्ट हॅडफील्डचे सिलिकॉन-पोलाद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले. नॉर्मन गॉसने १९३४ मध्ये कणांची दिशा एका रेषेत आणणाऱ्या पत्र्याचे पेटंट घेतले. आज कारखान्यात ज्याला नुसते ‘सीआरजीओ’ म्हणतात तो हाच. १९६८ च्या सुमारास जपानच्या यावाता स्टीलने (पुढची निप्पॉन स्टील) त्याहून सरस ‘हाय-बी’ पत्रा काढला. त्यात चुंबकत्वाने होणारा ताण स्पष्टपणे कमी होता. पुढे पत्र्यांचे सांधे एकावर एक पायऱ्यांसारखे सरकवून बसवण्याची पद्धत आली आणि कोपऱ्यांवरचा आवाज आणखी उतरला. कोअरला आरपार भोके पाडून बोल्ट घालण्याऐवजी काचतंतूच्या पट्टीने बांधण्याची रीतही याच काळात रुळली. इतक्या सुधारणांनंतर रोहित्र मुके व्हायला हवे होते. झाले नाही. कारण प्रत्येक सुधारणेतून जी बचत झाली ती शांततेवर खर्च झाली नाही, आकारावर झाली. जुन्या गरम लाटलेल्या पत्र्यात १.३-१.४ टेस्लावर काम चाले. नवा पत्रा मिळताच आराखडे १.६-१.७ टेस्लावर गेले, म्हणजे तेवढ्याच लोखंडातून आणि तांब्यातून जास्त वीज. चुंबकीय घनता चढली की आवाज चढतो. खरेदी करणारे वीज मंडळ किंमत आणि विजेचा तोटा यांवर निविदा तोलत होते. आवाज तोलायला त्या तराजूत पारडेच नव्हते. अलीकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तोटा कमी करण्यासाठी जे अमॉर्फस धातूचे कोअर पुढे आले, त्यात रिकामे चालण्याचा तोटा खूपच घटतो, पण चुंबकत्वाने होणारा ताण सीआरजीओच्या कितीतरी पट जास्त असतो. वीज वाचते आणि गुणगुण वाढते.

आता कामोठे. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले तेव्हा इथे खाडीकाठची भातशेती आणि गाव होते. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या लढ्यातून भूमिपुत्रांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना पुढे आली. १९९८ मध्ये हार्बर मार्ग पनवेलपर्यंत पोहोचला, मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्थानके कामोठ्याच्या दोन बाजूंना आली, आणि इमारती भराभर उठू लागल्या. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाला दीड चटई क्षेत्र निर्देशांक आणि पंधरा टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर मिळतो. खाली दुकानांचे गाळे, वर चार किंवा सात मजले, शेजारच्या भूखंडावर तसेच. जमीन गमावलेल्यांना त्यांचा वाटा मिळाला हे न्याय्यच होते, आणि त्या योजनेला आवाजाचा दोष लावणे हा माझा हेतू नाही. पण जिथे एकच संस्था इमारत, रस्ता आणि वीज यांची जागा एकत्र आखते तिथे रोहित्राला स्वतःचा कोपरा मिळण्याची शक्यता असते. जिथे जमीन लहान-लहान तुकड्यांत वेगवेगळ्या विकासकांकडे जाते, तिथे प्रत्येकाचा नकाशा आपल्या कुंपणापाशी थांबतो, आणि रोहित्र जाते ते कोणालाच नको असलेल्या जागेत: गेटच्या बाजूला, पदपथाच्या कडेला, दोन इमारतींमधल्या सामासिक अंतरात. त्या अंतराच्या दुसऱ्या बाजूला कोणाची तरी झोपायची खोली असते.

यात नियम मोडले गेले, असे सरसकट म्हणता येणार नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार इमारतीपासून आडवी १.२ मीटर आणि त्यावर ३३ हजारांपर्यंतची तार २ मीटर लांब हवी, असे सांगितले होते. हा हिशोब शॉक लागू नये म्हणून आहे. आगीसाठी वेगळी अंतरे आहेत. आवाजासाठी अंतर सांगणारे कलम तिथे शोधून सापडत नाही. खरेदीच्या निविदांत आवाजाची मर्यादा असते, पण ती बहुधा अमेरिकेतल्या नेमा संस्थेच्या तक्त्यावरून उचललेली. ३०१ ते ५०० केव्हीएच्या रोहित्राला ५६ डेसिबल, ७५० पर्यंत ५७. हा आकडा कारखान्याच्या चाचणीकक्षात, भार नसताना, टाकीपासून फूटभर अंतरावर मोजायचा असतो. (तो तक्ता ६० हर्ट्झच्या देशाचा, जिथे रोहित्र १२० हर्ट्झवर घुमते, पण ते सोडून देऊ.) चौथरा कसला आहे, समोर भिंत किती जवळ आहे, केबल कशी बांधली आहे, यांतले काहीही त्या प्रमाणपत्रात उतरत नाही. अंतर दहापट झाले तर उघड्यावर आवाज साधारण वीस डेसिबलने उतरतो. तीन मीटरवरचे रोहित्र तीस मीटरवर नेणे हा जगातल्या कुठल्याही रबरी पॅडपेक्षा मोठा उपाय आहे. पोलादाच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या सुधारणेने जे दिले त्याच्या तोडीचे काही नकाशावरची एक रेघ देऊ शकली असती.

मग ध्वनिप्रदूषणाचा कायदा आहे की, असे कोणी म्हणेल. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ भारांकनाचे आहेत, आणि त्या भारांकनात १०० हर्ट्झच्या सुरातून १९ डेसिबल वजा होतात. खोलीत १०० हर्ट्झचा ६२ डेसिबलचा सूर घुमत असेल तर मीटर ४३ दाखवेल, आणि तक्रार निकाली निघेल. यावर आक्षेप असा घेता येतो की ‘ए’ भारांकन कानाप्रमाणेच बनवले आहे. कानालाही खालचे सूर कमी ऐकू येतात, तेव्हा वजाबाकी रास्त आहे. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. १०० हर्ट्झला कानाचा उंबरठा सुमारे २६ डेसिबलवर असतो, म्हणजे ६२ चा सूर त्याच्या बराच वर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४३ डेसिबलची वाऱ्याची सळसळ आणि ४३ डेसिबलचा एकसुरी घोष कानाला सारखे नसतात. सळसळ विसरता येते. न थांबणारा, न बदलणारा एकच सूर विसरता येत नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या मानकात अशा एकसुरी आवाजाला शिक्षा म्हणून डेसिबल वाढवून धरण्याची तरतूद होती. आपल्या नियमांच्या परिशिष्टात अशी भर नाही. आपल्याकडची आवाजाविरुद्धची लढाई लाउडस्पीकर, फटाके आणि हॉर्नविरुद्ध लढली गेली, आणि ती लढणाऱ्यांचे उपकार आहेत. पण नियमांचा साचाही त्याच आवाजांवरून पडला. तासभर कानठळ्या बसवणाऱ्याला तो पकडतो, वर्षभर गुणगुणणाऱ्याला सोडतो.

‘शेजारच्यांना ऐकू येत नाही, तुम्हालाच कसे येते?’ हा प्रश्न अभियंत्यापेक्षा घरातली माणसेच जास्त विचारतात. त्याचे उत्तर खोलीच्या मापात आहे. कामोठ्याच्या उष्ण हवेत १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर भरते, म्हणजे साडेअकरा फूट. आपल्या टू बीएचकेतल्या बेडरूमची एक बाजू बहुधा याच्याच आसपास. अशा खोलीत दोन भिंतींमध्ये लाट अडकून उभी राहते: भिंतीला लागून आणि मधोमध आवाज सर्वांत जास्त, भिंतीपासून पाऊण-एक मीटरवर जवळजवळ नाहीसा. पलंगाची उशी भिंतीला टेकलेली असते. तक्रार करणारा झोपलेला असतो तिथे सूर घुमत असतो, आणि तपासायला आलेला माणूस दारातून दोन पावले आत येऊन उभा राहतो तिथे तो नसतो. शेजारची खोली दहा फुटांची असेल तर तिथे लाट तितकी उभीही राहत नाही. कोणी खोटे बोलत नसते आणि कोणाला भासही होत नसतो.

आता बोल्टच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. यंत्रात बिघाड असतोच नाही असे नाही. आवाज केव्हा वाढतो हे नीट टिपले तर निम्मे निदान तिथेच होते. संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावर गुणगुण वाढत असेल तर दोष कॉइलच्या बाजूला शोधावा. कॉइलवरचे बल करंटच्या वर्गाने वाढते आणि सैल पडलेली कॉइल भाराबरोबर बोलू लागते. उलट रात्री तीनला, भार उतरल्यावर आवाज चढत असेल, तर तो कोअरचा. तेव्हा लाइनवर व्होल्टेज वर गेलेले असते, पत्र्यातली चुंबकीय घनता वाढते आणि आजूबाजूचा गलबला बसल्याने तो उघडा पडतो. या दुसऱ्या प्रकाराला बोल्ट आवळून फरक पडत नाही. टॅप बदलून पडतो. वितरण रोहित्राला व्होल्टेज कमी-जास्त करण्यासाठी अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचा टॅप असतो, तो वीज बंद करूनच फिरवायचा. दूरच्या ग्राहकाला कमी दाब मिळतो म्हणून कधीकाळी टॅप ज्या खुणेवर ठेवला, तो पुढे नवे उपकेंद्र आले, फिडर आखूड झाला, तरी तिथेच राहतो. त्याला एक-दोन पायऱ्या फिरवणे हा या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत कमी केला जाणारा. बोल्ट मात्र जपून. कोअर असमान किंवा गरजेपेक्षा जास्त दाबला तर पत्र्यात ताण साठतो आणि आवाज वाढतो. ‘अजून थोडा आवळ’ हे इथे चालत नाही.

दुरुस्तीच्या धंद्याचाही यात वाटा आहे. जळालेले रोहित्र खासगी दुरुस्तीवाल्याकडे जाते, कॉइल काढण्यासाठी वरचे योक, म्हणजे कोअरची आडवी बाजू, एकेक पत्रा उपसून उघडले जाते आणि नवी कॉइल बसवल्यावर तेच पत्रे हाताने परत रचले जातात. सीआरजीओचा पत्रा वाकवलेला, आपटलेला सहन करत नाही. कारखान्यात कापल्यावर गरज पडल्यास त्याला आठशे अंशांच्या आसपास तापवून ताण काढतात. शेडमध्ये ती भट्टी नसते. सांध्यात केसभर फट राहिली की चुंबकत्व तिथून उडी मारते आणि कोपरा गुरगुरू लागतो. दुरुस्त होऊन आलेले रोहित्र पूर्वीपेक्षा जास्त घुमते ही लाइनमनची नेहमीची तक्रार या रचनेतून येते. त्यात दुरुस्तीवाल्याला दोष देऊन भागत नाही. त्याच्या बिलात वाइंडिंग, तेल आणि चाचणी असते, आवाज नसतो. नाशिकजवळच्या ज्या एकाच कारखान्यात कित्येक वर्षे देशातला सीआरजीओ तयार होई, तो गरजेच्या मानाने थोडा. बाकीचा पत्रा परदेशातून. जुना पत्रा पुन्हा वापरण्याचा मोह मग समजण्यासारखा आहे.

यंत्र जागेवरून हलत नसेल तर उरतो पाया. इथेच बऱ्याच दुरुस्त्या फसतात. रोहित्राखाली रबरी पॅड घालतात, पण पॅडवर ठेवलेल्या यंत्राची स्वतःची डोलण्याची गती १०० हर्ट्झच्या निदान एक-तृतीयांशाखाली यायला हवी. तीस हर्ट्झ किंवा कमी. कडक रबराचा तुकडा किंवा उन्हातेलात दगड झालेला जुना पॅड ते करत नाही, तो नुसता खालचा गंज लपवतो. पॅड बरोबर निवडला तरी उच्च दाबाची (एचटी) केबल टाकीला घट्ट क्लॅम्प करून तोच क्लॅम्प इमारतीच्या कंपाउंडच्या भिंतीत ठोकला असेल, तर कंपन पॅडला वळसा घालून भिंतीतून वर चढते. कमी दाबाच्या (एलटी) बाजूला ताठ पट्ट्यांऐवजी लवचिक जोड, केबलला एक सैल वळण, अर्थिंगच्या पट्टीला थोडी ढील, चौथरा इमारतीच्या पायाला न चिकटवता सुटा: या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत, खर्चालाही फार नाहीत. वर्षानुवर्षे कंट्रोल पेटीचे सैल दार किंवा रेडिएटरची एक पट्टी वाजत असते आणि दोष कोअरच्या माथी जातो, हेही घडते. दार हाताने दाबून धरले आणि आवाज थांबला, तर तिथेच काम संपले.

भिंत बांधा, हा सोसायटीच्या सभेत हमखास निघणारा उपाय. साडेतीन मीटरच्या लाटेला दोन मीटरची भिंत अडवत नाही; ती वरून वळून दुसऱ्या मजल्यात जाते, आणि तीन बाजूंनी भिंत घातली तर चौथ्या बाजूचा शेजारी नवा तक्रारदार होतो. वर छप्पर टाकले तर रोहित्राची हवा कोंडते आणि उन्हाळ्यात तेल तापते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कॉनोव्हरने १९५६ मध्ये आवाजाने आवाज मारण्याचा प्रयोग रोहित्रावर केला: शेजारी लाउडस्पीकर ठेवून उलट्या लाटेचा सूर सोडायचा. एका ठरावीक दिशेला तो चालला, बाकीच्या दिशांना आवाज उलट वाढला. लोकवस्तीत कोणती दिशा कोणाला द्यायची, हा प्रश्न तंत्रज्ञाने सोडवायचा नसतो.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की सायन-पनवेल महामार्गाची वाहतूक, लोकल आणि आता विमानतळ यांच्या मधोमध बसलेल्या वसाहतीने रोहित्राच्या गुणगुणीवर भांडावे ही चैन आहे. मोजमापाने पाहिले तर महामार्गाचा आवाज नक्कीच मोठा. पण तो येतो-जातो, रात्री विरळ होतो, आणि त्यावर खिडकी लावून घेता येते. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची काच वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, १०० हर्ट्झला जवळपास मोकळी वाट देते. म्हणजे खिडकी लावली की बाहेरचे सगळे दबते आणि गुणगुण तेवढी स्वच्छ ऐकू येते. राहता राहिली जागेची किंमत. रोहित्रासाठी वेगळा कोपरा सोडणे म्हणजे विकता येणारे चौरस मीटर सोडणे, आणि उभ्या झालेल्या कामोठ्यात ते कोणी सोडणार नाही. इथे टॅप, पॅड, केबलचे वळण आणि निविदेत दुरुस्तीनंतरच्या आवाजाची एक चाचणी, एवढेच हाती आहे. पण पनवेलच्या पलीकडे, नैनाच्या, म्हणजे नव्या विमानतळाच्या प्रभावाखालच्या अधिसूचित क्षेत्रात, २०१३ पासून सिडकोच विशेष नियोजन प्राधिकरण आहे, आणि नगररचना योजनांचे नकाशे अजून हलवता येण्याजोगे आहेत. भूखंडांचे फेरवाटप करताना रस्ता, बाग आणि शाळा यांना जसे आरक्षणाचे रंग दिले जातात, तसा एक लहान चौकोन रोहित्रासाठी, शयनगृहांच्या रेषेपासून वीस-तीस मीटरवर, तिथे आजही आखता येतो.